आगळाची बाटली फोंड्यात का खपत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचा घरगुती उद्योग आहे. आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), कोकम सरबत, सोलां (वाळवलेली कोकमं), लोणची, काजू असे मिळून चौदा प्रकार त्या करतात. मध्यंतरी त्यांनी लेबल नवं करून घेतलं. निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाइल्सची नक्षी आणि वर इंग्रजी नाव. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या दुकानांत मोसमात माल उचलला जातो, इन्स्टाग्रामवर रील्सही बऱ्या चालतात. पण फोंडा, साखळी, म्हापसा इथल्या दुकानांतून आगळाच्या बाटल्या परत येतात आणि एकदा घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकताना दिसत नाही. ताई विचारतात, लेबल पुन्हा बदलू का? भाव उतरवू का? नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी कूपन काढू का? आणि मुलगा म्हणतो तसं मुंबईच्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे देऊ का?

उमेदीची वर्षं मी उत्तर गोव्यात साबण-तेलाच्या कंपन्यांचा माल दुकानोदुकानी लावण्यात घालवली. आता छोट्या उत्पादकांना विक्रीचं काम लावून देतो. ताई, तुमच्या चारही प्रश्नांना माझं उत्तर 'नको' असंच आहे, पण प्रत्येकाचं कारण निराळं. मुळातली अडचण या चारांत आलेलीच नाही. गोव्याचा माणूस ज्या महिन्यात आगळ विकत घेतो, त्या महिन्यात तुमची बाटली त्याच्या समोर नसते. ती समोर असते तेव्हा त्याच्या घरात वर्षाचं आगळ आधीच भरलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय की माल नोव्हेंबरात दुकानांत लावला, कारण तेव्हा 'सीझन' सुरू होतो. तो सीझन पर्यटकांचा. भिरंडीचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हंगाम एप्रिल-मेचा, आणि आपल्याकडची बेगमी म्हणजे पुरुमेंत, तेही पाऊस पडायच्या आधी. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कांदे, सोलां, आगळ हे सगळं मे संपायच्या आत घरात येतं. ज्या घरात पाच बाटल्या आगळ कपाटात आहे, ते घर डिसेंबरात तुमची दोनशे मिलीची बाटली कशाला घेईल? चव चांगली की वाईट, हा प्रश्नच तिथे उठत नाही.

मे महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा आणि सोलांच्या ढिगांपाशी तासभर नुसत्या उभ्या राहा. विकत घेणारी बाई वाकून एक सोल उचलते आणि दोन बोटांत दाबते. मऊ, चिकट आणि जवळजवळ काळं असेल तर पुढचं बोलणं. कडक आणि तांबूस असेल तर ते ढिगात परत. मग कोपरा तोडून जिभेला लावते. आधी आंबट लागतं की आधी मीठ, हे ती बघते, कारण मीठ जास्त म्हणजे सोलांच्या भावात मिठाचं वजन विकत घेणं. नंतर विचारते, 'हीं ह्या वर्साचीं?' विकणारीण काय सांगणार हे तिला ठाऊक असतं, तरी ती विचारते आणि तिच्या तोंडाकडे बघते. मग भाव. मग दोन किलो घेतले तर किती, हा पुढचा भाव. आणि पुष्कळदा हे सगळं न करताच एखादी बाई सरळ तिसऱ्या ढिगापाशी जाते आणि पिशवी पुढे करते, कारण गेल्या वर्षी तिथूनच घेतलेलं चांगलं निघालं होतं.

ब्रँड जे काम करतो ते सगळं इथे झालेलं आहे. ओळख आहे, खात्री आहे, फसवलं तर पुढच्या वर्षी जाऊन विचारायला चेहरा आहे. आता तुमच्या बाटलीकडे बघा. चारी बाजूंनी टाइल्सचं लेबल गुंडाळलेलं, त्यामुळे आतला रंग दिसत नाही. वास नाही, चव नाही, विकणारीण नाही. वर्ष आहे, पण ते तळाशी, बारीक ठशात. वर भाव बाजारातल्या सुट्या आगळापेक्षा जास्त. म्हणजे तपासायची सगळी साधनं काढून घेऊन तुम्ही तिच्याकडे जादा पैसे मागताय. तिने नाही म्हटलं तर त्यात तिचं काय चुकलं?

तेव्हा आगळाच्या बाबतीत एवढं करा. बाटली पारदर्शक आणि लेबलाची पट्टी अरुंद, म्हणजे रंग दिसेल. भिरंडं कोणत्या हंगामाची ते पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत. पॅकबंद मालावर निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी, महिना-वर्ष हे 2011 च्या वजन-मापाच्या नियमांप्रमाणे छापावं लागतंच. नियमासाठी मागे छापता तेच गिऱ्हाइकासाठी पुढे आणा. 'आगळ' हा शब्द तुमच्या इंग्रजी नावापेक्षा मोठा हवा, कारण दुकानात येणारा माणूस काउंटरवरून 'आगळ आसा?' असंच विचारतो. दुकानदाराचा हात मग फळीवरच्या ज्या बाटलीवर ते ठळक दिसतं तिच्याकडे जातो. आणि मेसाठी एक लिटरचं मोठं पॅक काढा, सोलांचं एक किलोचं. हे एप्रिलच्या शेवटी दुकानात लागलं पाहिजे. जूनच्या सात तारखेनंतर लावलंत तर त्या वर्षाचं पुरुमेंत संपलं.

आता कोणी म्हणेल, हल्ली पुरुमेंत करतो कोण? खरं आहे, पर्वरी-ताळगावच्या फ्लॅटांतून नवरा-बायको दोघं नोकरीला, सोलां वाळत घालायला अंगण नाही, वर्षाचं सामान ठेवायला जागा नाही. गावाहून आईने पाठवलेली बाटली संपली की पुढची कुठून आणायची हे त्यांना सुचत नाही. माझ्या मते तुमचं खरं गिऱ्हाईक हेच घर. सोलकढी त्यांना हवी असते, पारख थोडीफार विसरलेली असते, आणि सुट्या मालाच्या तपासणीची जागा छापील वर्ष आणि स्वच्छ बाटली घेऊ शकते. यांच्यासाठी लहान बाटली बारा महिने चालेल, पण ती त्यांच्या कॉलनीच्या खालच्या दुकानात हवी. ती बागा बीचवर असून त्यांना काय उपयोग?

पर्यटकांचं वेगळं. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, आणि 2024 मध्ये इथे आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा एक कोटीच्या वर गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणाचंही डोकं फिरतं आणि वाटतं की इथल्यांच्या मागे लागायचं कशाला. पण पर्यटक खरेदी कशी करतो ते पाहा. शेवटच्या दिवशी, टॅक्सी थांबवून, ऑफिसातल्या लोकांना आणि शेजाऱ्यांना द्यायला काहीतरी. वस्तूवर 'गोवा' दिसलं पाहिजे, बॅगेत फुटता कामा नये, आणि घेणाऱ्याला ते कसं खायचं हे समजावून सांगावं लागू नये. म्हणून काजू जातात, बेबिंका जाते, सरबत जातं. आगळ जात नाही, कारण दिल्लीच्या माणसाला त्याचं काय करायचं हेच माहीत नाही. तो ते सरबत समजून पितो आणि मग तुम्हाला एक तारा देतो. टाइल्सची नक्षी या गिऱ्हाइकासाठी अगदी योग्य आहे, ती तिथे राहू द्या. तीच नक्षी साखळीच्या दुकानात बघून आपला माणूस 'हें टुरिस्टां खातीर' म्हणून बाटली न उचलताच पुढे जातो. त्याला तो अपमान वाटतो असं नाही. भाव त्याच्यासाठी लावलेला नाही, एवढंच तो ओळखतो.

जाता जाता काजूबद्दल. 'गोवा काजू'ला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बाहेरून आलेला काजू गोव्याचा म्हणून खपवला जातो याच तक्रारीतून. तुमचा काजू खरोखर सत्तरी-धारबांदोड्याचा असेल तर त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या. नोंदणीशिवाय ते चिन्ह छापू नका.

आता लेबल बदलण्याचा प्रश्न. वर मी आगळाची बाटली बदला म्हटलं आणि इथे लेबल बदलू नका म्हणतोय, तर हा घोळ मिटवतो. तुमचा निळा रंग, नावाची अक्षरं, ती चौकट हे आहे तसंच ठेवा, सगळ्या मालावर तेच. स्वयंपाकघरातल्या मालावर नक्षी आटोपून फक्त निळी पट्टी राहू द्या. फळीवर माणूस वाचत नाही, रंग आणि आकार ओळखून हात घालतो. अमेरिकेत ट्रॉपिकाना संत्र्याच्या रसाने 2009 च्या जानेवारीत संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं जुनं चित्र काढून ग्लासातल्या रसाचं चित्र आणलं. रस तोच, भाव तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. लोकांना नवं चित्र आवडलं नाही म्हणून चिडले, असे लोक होतेच, पण बऱ्याच जणांना आपला रस फळीवर सापडलाच नाही. एवढ्या जुन्या, एवढ्या पैशाच्या ब्रँडचं हे झालं. तुमचं जे थोडंसं लोकांच्या डोळ्यांत बसलंय, ते दर दोन वर्षांनी पुसायचं कशाला? डिझायनरला नवं काम मिळतं हे खरं, पण तो तुमचा प्रश्न नाही.

कूपनचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे एक समज आहे : परत येणारं गिऱ्हाईक कमी, म्हणजे आपल्या मालात किंवा नात्यात काहीतरी कमी. विल्यम मॅक्फी नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. जे कमी लोकांना माहीत असतं, ते ज्यांना माहीत असतं त्यांनाही थोडं कमीच आवडतं. पुढे ब्रिटनमध्ये बाजाराचा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू एहरेनबर्गने घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या आणि साबण, चहा असल्या रोजच्या मालात हेच दिसलं. लहान ब्रँडला मार दोनदा बसतो. त्याचे घेणारे कमी, आणि जे आहेत तेही मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकांपेक्षा थोडे कमी वेळा घेतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मार्केटिंगचे प्राध्यापक बायरन शार्प यांनी हा विचार पुढे नेला. त्यांचं म्हणणं, निष्ठा वाढवून ब्रँड मोठा होत नाही. घेणारी घरं वाढली की निष्ठेचा आकडा आपोआप थोडा वर सरकतो.

हे तुमच्या वहीत घालून बघा. शंभर घरांनी तुमचं आगळ एकदा घेतलं. त्यातली बहुतेक वर्षातून एक-दोनदाच आगळ विकत घेणार, मग ते कुणाचंही असो. त्यांना दहा टक्क्यांचं कूपन दिलंत तर ती सोलकढी दुप्पट पिणार आहेत का? कूपन वापरतील ती नेमकी तीच घरं, जी तसंही घेणार होती. म्हणजे तुमच्याच पक्क्या गिऱ्हाइकाला तुम्ही सवलत दिली आणि नवं एकही घर जोडलं नाही. इन्स्टाग्रामवरही तसंच. तुमच्या पानावर रोज येणारे म्हणजे जे आधीच तुमचे झालेत ते. अनोळखी घरापर्यंत पोचायचं तर रस्ता दुकानातून आणि जिभेवरून जातो.

दुकानाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. तुम्ही सगळ्या बारा तालुक्यांत मिळून सत्तरएक दुकानांत माल दिलाय. प्रत्येकी तीन-चार बाटल्या. असा माल कधी फिरत नाही. चार बाटल्यांपैकी दोन विकल्या की उरलेल्या दोन लोणच्याच्या बरण्यांमागे जातात. दुकानदार दोन बाटल्यांसाठी तुम्हाला फोन करणार नाही, तुम्ही दोन बाटल्यांसाठी काणकोणला जाणार नाही. मग एक्सपायरीच्या आधी तो त्या परत देतो आणि तुम्ही वहीत लिहिता की काणकोणात माल चालत नाही. प्रत्यक्षात काणकोणात तुमचा माल कोणाला दिसलाच नाही. त्यापेक्षा फोंडा, कुर्टी, माशेल, म्हार्दोळ एवढाच पट्टा धरा. वीस-पंचवीस दुकानं, ठरलेल्या वारी फेरी, प्रत्येक ठिकाणी बारा बाटल्या डोळ्यांच्या उंचीला. फोंड्याच्या गोवा बागायतदार संस्थेकडे आधी जा. नारळ-सोलांसाठी इथली माणसं तिथे जातातच, आणि तिथल्या फळीवर तुमचा माल दिसणं हीच अर्धी शिफारस आहे.

भाव उतरवण्याचं उत्तर यातच येतं. भाव उतरला की दुकानदाराला बाटलीमागे सुटणारे रुपये उतरतात, आणि त्याच फळीवर जास्त सुटणारी दुसरी बाटली उभी असतेच. तुम्ही मुंबईच्या कंपनीशी भावात लढू शकत नाही. सुट्या आगळाशीही नाही, कारण तिथे बाटली, लेबल, वाहतूक, दुकानदाराचं मार्जिन यातलं काहीच नाही. भाव आहे तिथे ठेवा आणि लेबलवर लिहा की एका बाटलीत चार माणसांची सोलकढी किती वेळा होते. करून बघून लिहा, अंदाजाने नको. माणूस बाटलीचा भाव बघून बिचकतो. एका वेळच्या सोलकढीचा हिशेब समोर आला की तो स्वतःशीच भागाकार करतो.

आणि पावसाचं बघा. परत आलेल्या बाटल्यांचे तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. लेबलाच्या कडेला बुरशी, पत्र्याच्या झाकणाला गंज, बाटलीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा थर. आंबट आणि खारट माल, त्यात जुलैची दमट हवा, पत्र्याचं झाकण टिकणार कसं? प्लास्टिकचं आतल्या बुचासकटचं झाकण आणि ओल न धरणारं लेबल हा खर्च टाळू नका. 2003 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा कंपनीचं म्हणणं होतं की दोष दुकानातल्या साठवणीचा आहे. असेलही. पण खाणाऱ्याच्या मनात नाव दुकानाचं राहत नाही, वेष्टणावरचं राहतं. 2004 च्या सुरुवातीला कंपनीने वेष्टण बदलून जास्त घट्ट केलं, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. जांभळा रंग मात्र त्यांनी हलवला नाही.

चौदा प्रकारांचं काय? इथे हमखास कोणीतरी तुम्हाला जॅमचा प्रयोग सांगेल. 2000 साली प्रसिद्ध झालेला, कॅलिफोर्नियातल्या एका दुकानातला. चोवीस प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चव बघणाऱ्यांतल्या सुमारे तीन टक्क्यांनी विकत घेतला, सहाच मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. ऐकायला छान आहे. पण नंतर अशाच बऱ्याच प्रयोगांचे निकाल 2010 मध्ये एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा गिऱ्हाईक गोंधळतं म्हणून प्रकार कमी करा असं मी म्हणणार नाही. पैसा अडकतो म्हणून करा. चौदा प्रकारांची लेबलं छापायची, चौदांचा साठा ठेवायचा आणि दुकानदाराकडून मिळालेल्या हातभर फळीवर प्रत्येकाची एकच बाटली उभी करायची, याला अर्थ नाही. आगळ, सोलां, सरबत आणि काजू ठेवा. लोणची जवळच्या ओळखीत विका.

राहिला इन्फ्लुएन्सर. मुंबईतल्या लाख लोकांनी रील पाहिली आणि मुंबईच्या एकाही दुकानात बाटली नाही, तर काचेची बाटली कुरिअरने पाठवण्याचा खर्च बाटलीच्या भावाला भिडतो. शिवाय पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेची 2021 पासूनची तशी नियमावली आहे; ते न लिहिणारा भेटला तर त्याच्यापासून लांबच राहा. त्याच पैशात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या किंवा म्हार्दोळच्या जत्रेत एक टेबल मिळतं का पाहा. थंडगार सोलकढी, लहान कप, फुकट, आणि शेजारी बाटल्या. पिणाऱ्याला कुठल्या गावचे ते विचारा आणि त्याच्या गावातल्या कोणत्या दुकानात माल आहे ते तिथल्या तिथे सांगा. नसेल तर ते गाव वहीत लिहून ठेवा, पुढचा पट्टा कुठला धरायचा हे त्यातून कळेल.

मुलाची रील्सची हौस मोडू नका. त्याला एप्रिलमध्ये भिरंडं फोडताना, मीठ घालताना, पहिला रस सुटताना शूट करू द्या. फक्त दोन अटी घाला : रील मेच्या पहिल्या आठवड्यात जायला हवी, आणि तिच्याखाली हॅशटॅगांच्या जागी फोंड्यातल्या त्या वीस-पंचवीस दुकानांची नावं हवीत.